आठ खाटांचा वॉर्ड

९ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या खुब्याचं हाड छान जुळतंय. काल वॉकर धरून चार पावलं चालली आणि शर्यत जिंकल्यासारखी माझ्याकडे बघत बसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंशी तिची गट्टी जमलीय. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलाय त्यांनी, त्यामुळे तुझं जहाज या खेपेला कुठे कुठे जाईल यावर दोघींचे रोज वाद रंगतात.

आता कामाचं. वरच्या मजल्यावर फ्लूची साथ शिरलीय. आमच्या वॉर्डातल्या आठही जणी सत्तरीच्या पुढच्या, म्हणून पंधरा दिवस भेटायला येणं बंद केलंय. हा नियम मीच लावलाय. दारात मास्क, प्रत्येक खाटेपाशी हात धुणं, आणि नर्सला नुसतं कणकणलं तरी सुट्टी. बाईंची मुलगी रोज बाहेरच्या काचेपाशी उभी राहून हात हलवते आणि जाते. तूही येऊ नकोस. रागावू नकोस.

तब्येतीला जप. माया आहेच.
तुझी ताई

१३ जानेवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अगं, वीस तारखेला मी बोटीवर चढतो तो वर्षभरासाठी. तू हेड नर्स, तुझाच वॉर्ड आणि आपलीच आई. पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे? माझी तब्येत ठणठणीत आहे, घसा तेवढा बसलाय. इंजिनरूममध्ये ओरडून बोलायची सवय, दुसरं काय! नाही म्हणू नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा ढब्बू

१८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

आधी रागावून घे, मग वाच. रविवारी तुझी सुट्टी होती, तेव्हा मी जाऊन आलो. दारावरच्या मावशींना सांगितलं, ताईने परवानगी दिलीय. त्यांना बोलू नकोस, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आई म्हणाली, तोंड दाखव रे नीट, म्हणून मास्क खाली केला. तासभर बसलो. संत्रं सोलून अर्धं आईला भरवलं, अर्धं बाईंना. बाईंनी माझ्याकडून सगळी बंदरं वदवून घेतली आणि दोन चुका काढल्या. आई इतकी हसली, ताई, इतकी हसली!

आशीर्वाद दे.
तुझा ढब्बू

२९ जानेवारी

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

हे पत्र तुला पुढच्या बंदरावर मिळेल. बसून वाच.

तू येऊन गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी आई आणि बाई, दोघींना एकदमच ताप भरला. नंतर आणखी तिघींना. तपासणीत फ्लू निघाला. आई वाचली, पण अजून उठून बसवत नाही. बाई गुरुवारी सकाळी गेल्या. मी त्यांचा हात धरून होते. हातमोज्यातून.

त्यांच्या मुलीने मला एवढंच विचारलं, की मी तर पंधरा दिवस काचेबाहेर उभी होते, मग हे आत आलं कुठून? खोटं सांगणं जमलं नाही. माझा भाऊ येऊन गेला, असं सांगितलं. ती बाईंची शाल घडी करून घेऊन गेली.

मावशींना कामावरून थांबवलंय. चौकशीच्या कागदावर मला तुझ्याबद्दल लिहायचंय, म्हणून विचारते. त्या रविवारी तुला ताप होता का? खरं सांग.

आई रोज विचारते, बाईंना कुठे हलवलं. तू येऊन गेलास ते मात्र सगळ्यांना कौतुकाने सांगते.

काळजी घे.
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

होता. शनिवारी अंग चांगलंच तापलं होतं. रविवारी सकाळी गोळी घेतली, उतरल्यासारखा वाटला, आणि आलो. तुझ्या कागदावर हे जसंच्या तसं लिही. मावशींचा काही दोष नाही, मी त्यांना फसवलं, असं सहीनिशी लिहून सोबत जोडलंय. ते आजच्या आज वर दे.

बाईंच्या मुलीला पाच वेळा लिहायला बसलो. पहिल्या ओळीच्या पुढे हात जात नाही. तरी तिचा पत्ता पाठव.

आईला बाईंबद्दल सांगशील तेव्हा माझंही सांग. मी परत येईपर्यंत लपवू नकोस. तिच्या तोंडून माझं कौतुक आता मला ऐकवणार नाही.

लोभ असावा, असं लिहायला या वेळी धीर होत नाही.
ढब्बू