एकही शब्द कापायचा नाही

६ जानेवारी, सकाळ

रोजनिशी सुरू. संकल्प पाच होते, एकावर आणले. यंदाचा उत्कृष्ट शिक्षक मी. बाकीचे (गोड कमी, राग कमी, सकाळी चालणं, हिच्याशी नीट बोलणं) बक्षीस मिळालं की आपोआप होतील.

शहराच्या शिक्षण समितीची नोटीस स्टाफरूममध्ये लागली आहे. प्रत्येक सरकारी शाळेने एकच नाव पाठवायचं. जिंकणाऱ्याला मानपत्र आणि त्याच्या शाळेला वर्षभराचा निधी. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना सांगितलं की हा निधी मिळाला तर लायब्ररी चालेल, नाहीतर मार्चअखेर कुलूप. लायब्ररीच्या बाई कंत्राटावर आहेत, त्यांचा पगार याच पैशातून व्हायचा. थोडक्यात, शाळेचा भार माझ्या खांद्यावर.

८ जानेवारी

धक्का. मोठ्या बाईंच्या मनात लायब्ररीच्या बाईंचं नाव. मी शांतपणे म्हणालो की त्या शिक्षिका नाहीत, पुस्तकं देतात-घेतात, ते काम शिपाईही करेल. मोठ्या बाई म्हणाल्या, मुलं त्यांच्याकडे आपणहून जातात. मी म्हणालो, मुलं कँटीनमध्येही आपणहून जातात. मग सेवाज्येष्ठता काढली, युनियनचं नाव घेतलं, आवाज किंचित चढवला. शेवटी त्यांनी फॉर्मवर माझं नाव लिहिलं. मनातून त्यांनाही तेच हवं असावं.

लायब्ररीच्या बाईंनी येऊन अभिनंदन केलं. बाई मनाने चांगली. कुवत नाही, एवढंच.

९ जानेवारी

मानपत्रासाठी भिंतीत खिळा ठोकला. सोफ्याच्या बरोबर वर, दारातून येणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाईल असा. थोडं प्लास्टर पडलं. ही म्हणाली, आधी मिळू तर दे. हिला दूरदृष्टी नाही हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

१५ जानेवारी

नियम हाती आले. पाच मिनिटांचा व्हिडिओ द्यायचा. मुलांनी आपल्या शिक्षकाबद्दल आपल्या शब्दांत बोलायचं. तो समितीच्या मेळाव्यात मोठ्या स्क्रीनवर, पालक आणि परीक्षकांसमोर दाखवणार.

आपल्या शब्दांत ही अट चुकीची आहे. आठवी ब कडे शब्द नाहीत, मी भाषा शिकवतो म्हणून मला माहीत. त्यामुळे शब्द मीच लिहून दिले, प्रत्येकी चार ओळी. "सर म्हणजे ज्ञानाचा अखंड झरा" ही ओळ दोघांत वाटली. एकट्याला झेपली नसती.

१७ जानेवारी

हुशार पाच मुलं निवडली. मोठ्या बाईंनी सहावी घुसडली. मागच्या बाकावरची ती, बोलताना अडखळणारी. वर्गात मी तिला रिपीट म्हणतो. प्रेमाने. सगळे हसतात, तीही हसत असावी, मान खाली असल्यामुळे दिसत नाही. वर्ष सुरू झाल्यापासून मी तिला एकही प्रश्न विचारलेला नाही. तिच्याच सोयीसाठी. मोठ्या बाई म्हणाल्या, तिला बोलायचंय, ती स्वतः विचारायला आली होती. कठीण आहे.

दुपारी लायब्ररीत डोकावलो. रिपीट मोठ्याने वाचत होती आणि एका शब्दावर अडली. लायब्ररीच्या बाई समोर बसलेल्या. शब्द सांगणं नाही, मदत नाही, काही नाही. नुसत्या बसून. शेवटी पोरीने तो शब्द काढला एकदाचा. तेवढ्या वेळात मी अख्खा समास शिकवला असता. बसायचे पैसे मिळतात काही लोकांना.

२१ जानेवारी

शूटिंग झालं. जागा लायब्ररी, कारण मागे पुस्तकं बरी दिसतात. फोन शब्दकोशांच्या थप्पीला टेकवला, मी फोनच्या मागे उभा.

मुलं म्हणजे दगड. पहिल्याने "ज्ञानाचा अखंड ज्वर" म्हटलं. मला मध्ये मध्ये बोलावं लागलं, म्हणजे मार्गदर्शन. हात खाली घे. दात दाखवू नकोस. गधड्या, पुन्हा पहिल्यापासून. घरी जेवायला घालत नाहीत का, मोठ्याने बोल. मग रिपीट आली. स, स, स. मी म्हणालो, बस, हिच्या वाक्यासाठी वेगळी समिती नेमावी लागेल, पुढचा. मुलं हसली, वातावरण हलकं झालं. ती मागे कपाटाशी जाऊन उभी राहिली. लायब्ररीच्या बाई तिच्याजवळ फरशीवर बसल्या. मी लक्ष दिलं नाही.

माझा आवाज व्हिडिओत येण्याचा प्रश्नच नाही. फोनची पाठ माझ्याकडे होती.

२३ जानेवारी

कॉम्प्युटरचा मास्तर म्हणतो, एडिट करायला लागेल. डाव लगेच ओळखला. गेल्या वर्षी त्याच्या नोटिशीतलं शुद्धलेखन मी लाल पेनाने सुधारून ती परत बोर्डावर लावली होती. ते त्याला अजून डाचतंय. आता माझी स्तुती कापायला बघतो. स्पष्ट बजावलं, एकही शब्द कापायचा नाही. त्याने विचारलं, सर, एकही नाही? सगळे आवाज ठेवायचे? म्हटलं, सगळे. त्याने तसं माझ्याकडून लिहून घेतलं, खाली सही घेतली. जाताना हसत होता. माणसं दम दिल्यावरच सरळ होतात.

२५ जानेवारी

लेकीचा फोन. विचारत होती, बाबा, तो व्हिडिओ तुम्ही एकदा तरी बघितलात का? म्हटलं, स्वतःची स्तुती बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. तिने फोन ठेवला. भारावली असावी.

भाषण तयार. चौदा पानं. हिला वाचून दाखवलं. चौथ्या पानावर हिला बाहेर वाळत घातलेले कपडे आठवले आणि ती गेली ती आलीच नाही. उरलेलं खिळ्यासमोर उभा राहून वाचलं.

८ फेब्रुवारी, दुपार

आज मेळावा. कोट पोटावर आवळतोय. बसताना श्वास सोडायचा नाही हे लक्षात ठेवायचं.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ

हॉल भरलेला. आधी दुसऱ्या एका शाळेचा व्हिडिओ झाला. एक मुलगी सांगत होती की तिच्याकडे पेन्सिल नसते म्हणून तिच्या बाई रोज एक जास्तीची टोक करून आणतात आणि काही न बोलता बाकावर ठेवतात. अत्यंत मामुली. एकही अलंकार नाही.

मग आमचा. पहिला आवाज माझा. मोठा, खणखणीत. फोनला पाठीलाही कान असतात हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. पण हॉल हसला. गधड्यावर हसला, दातांवर हसला. मी म्हटलं चला, विनोदबुद्धी पोचली. उठून किंचित मान झुकवली.

मग रिपीट. स, स, स. माझं समितीचं वाक्य आलं. इथे कोणीच हसलं नाही. वाक्य चांगलं होतं, हॉलचे स्पीकर भिकार.

पुढचा मुलगा ओळ विसरून नुसता उभा. मी त्याचा कागद शोधत असणार, कारण तेवढाच वेळ माझा आवाज नाही. आणि त्याच्या मागे कपाटाशी लायब्ररीच्या बाई फरशीवर बसलेल्या, त्यांच्यासमोर रिपीट. बारीक आवाज, पण स्पीकर नेमके तेव्हाच सुधारले. स, सर मला काही विचारतच नाहीत. म, मला येतं सगळं. एवढी दोन वाक्यं, आणि तेवढ्यासाठी इतका वेळ.

तिची आई आमच्याच रांगेत होती. उठली, पोरीचा हात धरला आणि माझ्या गुडघ्यांना घासून बाहेर गेली. सॉरी म्हणाली नाही. बस चुकत असेल. ही माझ्या शेजारून उठून मागच्या रांगेत जाऊन बसली. पंख्याचा वारा सोसत नाही हिला.

मानपत्र पेन्सिलवाल्या बाईंना. निधी त्यांच्या शाळेला. माझी चौदा पानं कोटाच्या खिशातच राहिली.

१० फेब्रुवारी

राजकारण. दुसरं काही नाही.

मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर माझ्या सहीची ती चिठ्ठी. त्या ओरडल्या नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. म्हणाल्या, मी तुमचं नाव लिहायला नको होतं, चूक माझी आहे. मी म्हणालो, बाई, इतकं मनाला लावून घेऊ नका. त्यांनी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मला जायला सांगितलं.

रिपीटला दुसऱ्या तुकडीत हलवलं, आईच्या सांगण्यावरून. माझा पट एकाने कमी झाला. मी वर्गात शिरलो की मागून कोणीतरी म्हणतं, पुढचा. कोण ते शोधून काढणार आहे. तूर्त सगळ्यांना उभं केलं.

३१ मार्च

लायब्ररीला कुलूप. पुस्तकं खोक्यांत भरून जिन्याखाली. खोलीत मोडकी बाकं ठेवणार.

लायब्ररीच्या बाई दोन पिशव्या घेऊन निघाल्या. मुलं फाटकापर्यंत त्यांच्या मागे. रिपीट रडत होती, रडताना मात्र कुठे अडखळत नव्हती. बाई स्टाफरूममध्ये निरोप घ्यायला आल्या तेव्हा मी धीर दिला. म्हटलं, नुसतं बसायचं काम कुठेही मिळेल. त्या म्हणाल्या, बघू सर. माझ्यामागे कोणीतरी कप जोरात आपटला. हल्लीच्या लोकांना क्रॉकरीची किंमत नाही.

१९ एप्रिल

फोन आला. थेट शिक्षण समितीतून. नवीन शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझा व्हिडिओ दाखवायचाय, परवानगी हवी. मी म्हटलं, पूर्ण दाखवणार असाल तर. ते म्हणाले, हो सर, आम्हाला तो जसाच्या तसा हवाय. अखेर. पालकांना कळलं नाही, तज्ज्ञांना कळलं. तुम्ही स्वतः यायची काही गरज नाही, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. बिचाऱ्यांना संकोच वाटतोय. मी जाणार.

हिला सांगितलं. हिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं माझ्या कपाळाला काही लागलंय. म्हणाली, जाऊ नकोस. हिला माझं चांगलं झालेलं कधी बघवलंच नाही.

२७ एप्रिल, संध्याकाळ

गेलो. कोट, नवीन मोजे, भाषण सुधारून सतरा पानं.

खोलीत नवीन शिक्षक, सगळी कालची पोरं. फळ्यावर विषय लिहिलेला: थांबणं. मला वाटलं निवृत्तीनंतरचं नियोजन. मग दार उघडलं आणि शिकवायला कोण, तर लायब्ररीच्या बाई. मेळाव्यातला व्हिडिओ बघून समितीने त्यांना बोलावून घेतलं म्हणे, महिन्यातून एक दिवस. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, सर, तुम्ही बाहेर चहा घ्या ना, हे जरा कंटाळवाणं आहे. म्हटलं, छे, मी बसतो. पहिल्या रांगेत बसलो.

व्हिडिओ लागला. त्यात मी दिसत नाही, फक्त आवाज. पोरं हसत नव्हती, लिहून घेत होती. चांगलं लक्षण. एका मुलीने ओढणीने डोळे पुसले. संपल्यावर बाईंनी विचारलं, या मुलीला काय हवं होतं? सगळे म्हणाले, थोडा वेळ. बाईंनी समजावलं की मूल अडलं की शब्द पुरवायचा नाही, घाई करायची नाही, नजर हटवायची नाही, नुसतं थांबायचं. मागून एका पोराने विचारलं, पण बाई, हा माणूस मुलांशी असा का वागतो? बाई म्हणाल्या, ते मला माहीत नाही. दुसरं काही विचारा.

मला बसवेना. उठलो, सगळ्यांकडे वळलो आणि सांगितलं, हा आवाज माझा. खुर्च्या करकरल्या. त्या पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हटलं, आता कळेल यांना एकतीस वर्षांची नोकरी म्हणजे काय. बाई म्हणाल्या, सर, मग तुम्हीच सांगा. त्याने विचारलंय ना. आम्ही थांबतो.

मी तोंड उघडलं. म, असं काहीतरी निघालं. परत म. सतरा पानं खिशात होती, पण हे त्यात कुठेच नव्हतं. कोणी हसलं नाही. कोणी शब्द पुरवला नाही. कोणी पुढचा म्हणालं नाही. नुकतंच शिकवलेलं होतं, तसे सगळे माझ्याकडे बघत थांबले. लायब्ररीच्या बाई समोर बसून होत्या. नुसत्या बसून. मी परत तोंड उघडलं. ते थांबलेच होते.

शेवटी खाली बसलो. बाईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि पुढचा विषय घेतला.

घरी आलो. हिने विचारलं, कसं झालं? म्हटलं, छान. सगळ्यांनी मला फार शांतपणे ऐकून घेतलं. ही म्हणाली, बरं झालं, आणि आत गेली.

खिळ्याला बाजाराची पिशवी अडकवलेली आहे. कधीपासून आहे माहीत नाही. राहू दे म्हटलं.