कॅलिपरवरची कणीक

बाबा, मागच्या हप्त्यात शेठच्या गॅरेजात, आपल्या शेडात, एक लाल गाडी आली होती. तुमी असते तर आधी तिच्या खाली वाकून पाह्यलं असतं, मग हात पुसले असते, अन् मग काहीच बोलले नसते. दोन दरवाज्याची, जमिनीले टेकलेली. आपल्या ऊर्जानगरच्या रोडवर कोळशाचे ट्रक दिसते, कंपनीच्या बसा दिसते, असली गाडी कोणी आणत नाई. पोट्टे फोटो काढाले जमा झाले. गाडीवाला भाऊ ऊर्जानगरातच वाढलेला, आता नागपुरात राह्यते अन् सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत ती गाडी पळवते. त्या शर्यतीत वळण नाई, मोड नाई. उभ्यानं सुटाचं, नाकासमोर जाचं अन् मग थांबाचं. त्यानं समोरच्यासाठी बाहेर देशातून चाकं मागवले होते, एवढे पतले का मले वाटलं स्कूटरचे आले. तो म्हणे, जोर मागच्या चाकाचा, समोरचे फक्त दिशा धराले, म्हणून जेवढे हलके तेवढे बरे. गोष्ट त्याची बरोबर होती. पण गाडी बनवणाऱ्यानं तिले जोरात पळाले अन् तेवढ्याच जोरात थांबाले बनवलं, म्हणून तिच्या समोरच्या ब्रेकची डिस्क जेवणाच्या ताटाएवढी, अन् तिले आवळून धरणारा कॅलिपर पाट्यावरच्या वरवंट्याएवढा. त्याच्यावर ते पतलं चाक चढे ना. कॅलिपरचा कोपरा रिमले आतून अडून राह्यला होता.

शेठ म्हणे, चाकामागं स्पेसरची चकती टाक. टाकला. चाक बाहेर सरकलं, त्याचे आरे कॅलिपरपासून सुटले, चाक कसंबसं चढलं, पण रिमचा घेर थोडीच वाढते स्पेसरनं. मग मी डब्ब्यातून कणकीचा गोळा काढला. हो, मी बी नेतो. आपण भात खाणारे, पण तुमच्या त्या गोळ्यापायी आई रोज मूठभर कणीक भिजवे. तांदळाच्या पिठाचा गोळा दबत नाई, तुटते, हे तुमीच मले सांगतलं होतं. आई चुलीपुढं बसली हाये, तुमी मागून येता, परातीतून लिंबाएवढा गोळा तोडता, तेलाचं बोट लावता अन् प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळता. आई म्हणते, "घरचे भातावर, अन् गाडीले पोळी चारा तुमी." तुमी हसता. दिवसभरात तेवढंच हसत होते तुमी. तुमी गेल्यावर बी तिनं ती मूठभर कणीक सोडली नाई. मी काही मागतली नव्हती. एक दिवस डब्ब्यात भाताच्या वर पन्नी दिसली, बस.

कॅलिपरवर कणकीची वात लावाची, चाक दोन नटावर चढवाचं, हातानं हळू एक फेरा द्याचा, काढाचं अन् पाह्याचं. दबलेली कणीक माचिसच्या काडीएवढी जाड राह्यली तर गाडी जाऊ द्याची. पतली झाली तर नाई. ब्रेक तापला का फुगते, चाक खड्ड्यात दबते, तेवढी जागा पाह्यजेच. तुमी मले हे सुटीच्या दिवशी शिकवलं, शेडाच्या मागं, आंब्याखाली, एका मोडक्या जीपवर. शाळेतलं काही ध्यानात नाई राह्यलं माझ्या, हे राह्यलं. लाल गाडीचं चाक काढून मी पाह्यलं तर कणकीची वातच नव्हती राह्यली, कागद झाला होता. कोपऱ्यात तर फाटून पलीकडचं लोखंड दिसत होतं.

असाच कागद मी तुमच्या तळहातावर पाह्यला होता, बाबा. त्या दिवशी मी तुमचा डब्बा घेऊन आलो होतो. ब्रह्मपुरीकडं सवाऱ्या नेणारे काळी-पिवळीवाले काका आपली जीप घेऊन आले होते. तिले समोरून दुसऱ्या गाडीचा मोठा ब्रेक बसवलेला, अन् रिम जुनेच. बसत नव्हते. तुमी कणीक लावली, काढली, शेठपुढं हात धरला. शेठ म्हणे, "मले काय पोळी दाखवून राह्यला? घास दीड सूत. लोखंडच हाये." काका म्हणे, "घासलं तर काही होत नाई ना, मिस्त्री?" त्यानं तुमाले विचारलं होतं. शेठले नाई, तुमाले. तुमी त्याच्याकडं पाह्यलं, मंग शेठकडं पाह्यलं. अन् ती कणीक कोंबड्यांपुढं टाकून तुमी ग्राइंडर उचललं. त्या कोपऱ्याच्या मागं पिस्टन हाये, दाबाचं तेल हाये, ती भिंत पतली केली तर एक ना एक दिवस चिरते, हे तुमाले माहीत होतं. मले बी माहीत होतं, मी सातवीत होतो. ठिणग्या उडून राह्यल्या होत्या अन् मी कोंबड्यांकडं पाहून राह्यलो होतो. त्यायनं कणीक चाटूनपुसून खाल्ली.

थोड्या दिवसानं नदीच्या उतारावर काकाच्या पायाखालचा ब्रेक खाली बसला अन् जीप बाभळीले जाऊन भिडली. सवाऱ्या वाचल्या. काकाचा पाय गेला असं म्हणता येत नाई, पाय हाये, पण ते अजून काठी टेकूनच बसस्टँडवर येते, दुसऱ्याच्या जीपसाठी सवाऱ्या बोलवते. शेडात लोक जमा झाले तेव्हा शेठ सगळ्यांपुढं म्हणे, "मी नाई सांगतलं. मिस्त्रीनं आपल्या मनानं घासलं." तुमी तिथीच उभे होते. जॅकचं हँडल होतं तुमच्या हातात, अन् तुमी त्याचं ग्रीस पुसून राह्यले होते. आई घरी म्हणे, "तुमी काऊन नाई बोलले? एक गोष्ट नाई सांगता आली?" तुमी म्हणले, "बोलून काय होते." अन् दुसऱ्या दिवशी डब्बा घेऊन त्याच शेडात गेले. फक्त गोळा नेला नाई त्या दिवशी.

मंग तुमाले तो ताप आला अन् तुमी गेले. विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाले शेठ पांढरे कपडे घालून आला. दोन शब्द बोला म्हटल्यावर उभा राह्यला अन् म्हणे, "बहू गरीब माणूस. इतके वर्ष माझ्याकडं होता, कधी उलट बोलला नाई." सगळ्यायनं माना हलवल्या. आईनं बी हलवली. मले त्या दिवशी रडू आलं नाई, बाबा. मले वाटलं, उठून त्याची कॉलर धरावी. पण मी तुमचाच पोरगा, चटईचे धागे उपटत बसलो.

शाळेत बी तेच. सर विचारे, मले उत्तर येत असे, तोंड उघडत नसे. पोट्टे म्हणे मुका. तुमी गेल्यावर शेठनं तुमचे पाने, तुमचा स्टूल, सगळं मलेच दिलं, जसं काही तुमचा पगार बी मलेच देणार होता. नववी झाली अन् मी दप्तर खुंटीले लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याले शेठ सांगते, "हा आमचा मुका. बापावरच गेला हाये. बोलत नाई, पण हात चांगला हाये." हे तो कौतुकानं सांगते. तुमच्याबद्दलचं कौतुक बी असंच असे त्याचं. मले त्या शब्दाची चीड येते, अन् त्याच्याहून जास्त तुमची येते. लोक मरताना जागा ठेवून जाते, घर ठेवून जाते. तुमी मले हे मुकेपण ठेवून गेले.

तर लाल गाडी. मी कणीक हातावर घेऊन उभा होतो. गाडीवाला भाऊ हसला. "हे काय बे, गाडीले पोळी चारून राह्यला का?" आईचंच वाक्य.  शेठ म्हणे, "काही नाई भाऊ, कोपरा थोडासा लागून राह्यला. दीड सूत घासलं का बसते चाक. मुक्या, ग्राइंडर लाव."

दीड सूत, बाबा. एवढ्या वर्षानं, तेवढंच.

भाऊनं माझ्याकडं पाह्यलं. "घासलं तर चालते ना? मले पुढच्या रविवारी पळवाची हाये." त्यानं मले विचारलं. माझे कान गरम झाले. याच्या खालच्या मॉडेलचा छोटा ब्रेक येते, तो लावा, नाईतर एक साइज मोठं पतलं चाक मागवा, सगळं मले येत होतं. एकदा तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. ग्राइंडरची वायर शेठनं आपल्या हातानं बोर्डात खुपसली. मी म्हणलो, "नाई." इतकं हळू का भाऊ म्हणे, "आँ?"

"नाई घासाचं," म्हणलो मी. "माझ्या बाबांनी सांगतलं होतं. ब्रेकले ग्राइंडर लावाचं नाई. कोणी बी सांगो."

"बाबा मिस्त्री हाये का तुझे? बोलाव मंग त्याले, त्यालेच विचारतो."

"नाई आता ते."

 माझ्या हातावरची कणीक उचलून भाऊनं उजेडात धरली, त्याच्यातून त्याले शेडाचं दार दिसलं असन. मंग म्हणे, "जुने चाक चढव बापा. मेलेल्या माणसाची गोष्ट मोडून मले नाई पळवाची." एवढंच. कणीक पाहून थांबला का तुमचं नाव ऐकून थांबला, मले माहीत नाई.

मी नट आवळता आवळता शेठकडं पाह्यलं. माझ्याशिवाय त्या शेडात त्यालेच तेवढं माहीत होतं का तुमी असं कधी म्हणले नाई. तोंड उघडलं होतं त्यानं. "तुझा बाप तं..." एवढं म्हणला अन् थांबला. पुढं बोलला असता तर भाऊनं विचारलं असतं, कोणाच्या सांगण्यावरून घासलं होतं मंग? वायर काढून तो हातात गुंडाळत बसला, गुंडाळे अन् सोडे, गुंडाळे अन् सोडे. गाडी गेल्यावर मले म्हणे, "उद्या येशील तं तोंड बंद ठेवून ये." मुक्याले म्हणे.

तेव्हापासून मी गेलो नाई. पगाराबिगर घरात आता काय होईन ते मले समजते, आईले बी समजते. काळी-पिवळीवाले काका बसस्टँडवर कोणाकडून तरी ऐकून घरी आले होते. काठी दाराले टेकवली, आईले म्हणे, "मिस्त्रीनं पोराले चांगलं शिकवून ठेवलं, बाई." घासलेल्या जीपचा माणूस हे म्हणून राह्यला. आईनं त्यायले चहा दिला अन् पदरानं डोळे पुसले. मंग मले म्हणे, "हे मले कधी सांगतलं नाई तुझ्या बाबांनी. तुले सांगतलं होतं ना?" मी हो म्हणलो.

आज दुपारी ती तुमच्या फोटोची काच पुसून राह्यली होती, तेव्हा मी ही वही उघडली. हे कुठी पाठवाचं नाई. पान फाडीन अन् संध्याकाळी चुलीत घालीन, आईले अक्षर वाचता येते म्हणून. तुमच्यावरचा राग काही गेला नाई, बाबा. काका समोर उभे राहून विचारत होते अन् 'नाई' हा एकच शब्द लागत होता. मले माहीत हाये किती जड असते तो, पण उचलता येते. फक्त एक गोष्ट तुमाले सांगाची होती. मी तो माझ्या नावानं उचलला नाई. दोन वेळा प्रयत्न केला, धड निघालाच नाई. तुमचं नाव लावलं तेव्हा निघाला.