गाढवाचा चौथा पाय

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. हे निवृत्त झाल्यापासून दिवसातून दहादा फ्रिज उघडतात, आत बघतात आणि काही न घेता बंद करतात. धाकटीची परीक्षा संपली. तुझी कंबर कशी आहे? दुकानात बाइंडिंग अजून उभ्यानेच करतेस की स्टूल घेतलंस? नसशीलच घेतलं.

आपण एकमेकींना वाढदिवसालाच लिहितो आणि आज कोणाचाही वाढदिवस नाही, म्हणून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. मी फक्त भयंकर चिडले आहे आणि घरात ऐकून घेणारं कोणी नाही.

शाळेच्या सुट्टीत लागणार आहे असा एक कार्टून सिनेमा आम्ही करतोय. सुट्टी लागल्यावर ओस पडलेल्या शाळेच्या आवारात राहणारे चार प्राणी: एक बदक, एक साळिंदर, एक म्हातारा कुत्रा आणि एक लंगडं गाढव. बदकाला तळ्यावर पोचवायला निघतात आणि वाटेत त्यांची गट्टी जमते, एवढीच गोष्ट. चित्रं मुकी असतात, त्यांना आवाज द्यायचा तो मी. बदक चालतं ते माझ्या ओल्या रबरी हातमोज्यांवर. कुत्र्याची नखं म्हणजे बोटांना चिकटवलेल्या टाचण्या. जुन्या कॅसेटमधली फीत उपसून ढीग केला की झालं गवत. पन्नाशी उलटलेली बाई दिवसभर बंद खोलीत गुडघ्यांवर रांगते आणि त्याचा पगार घेते, हे तुझ्या मेहुण्यांना अजून पटलेलं नाही.

गाढवाचे तीन पाय लाकडी वाट्यांचे केले. चौथा, लंगडा, काही केल्या जमेना. शेवटी एक जुना जोडा सापडला, चार बोटं जाड लाकडी तळाचा. पहिल्याच टेकवण्यात पाय जिवंत झाला. टप टप टप, आणि मग तो, जरा उशिरा, जरा जड.

चित्रवाल्यांनी एक घोळ घालून ठेवला होता. गाढव सगळीकडे डाव्या मागच्या पायाने लंगडतं आणि मधल्या दोन प्रसंगांत उजव्या. साठ-सत्तर माणसांनी वर्षभर ते गाढव काढलं, एकाच्याही लक्षात आलं नाही. मी पहिल्या झटक्यात पकडलं. कसं कळलं विचारलं तर म्हटलं, सवय आहे.

आता भांडण ऐक. शेवटी चौघं टेकडीवरून तळ्याकडे धावत सुटतात. गवत इतकं उंच की आत कोणीच दिसत नाही, नुसतं गवत हलतं आणि पाय ऐकू येतात. म्हणजे गाढव कसं धावतं हे माझ्या हातात. दिग्दर्शक म्हणाले, "इथे त्याला सरळ धावू दे. दोस्तीने त्याचा पाय बरा झाला असं वाटलं पाहिजे. मुलं हसत बाहेर पडली पाहिजेत."

मी म्हटलं, "दीड तास ते तिघं त्याच्याबरोबर चालले, ते काय पाय बरा व्हायची वाट बघत?"

"बाई, गाढव आहे ते!"

"म्हणूनच म्हणते. त्याला लाज नाही वाटत, तुम्हाला कशाला वाटते?"

झालं. माझ्याकडून पाय सरळ होणार नाही, दुसऱ्याकडून करून घ्या आणि माझं नाव काढून टाका, असं सांगून मी खोलीला कुलूप लावून घरी आले. त्यांनीही ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या स्टुडिओतला एक गृहस्थ तेवढा प्रसंग पुन्हा करतोय. रविवारी शाळेतल्या मुलांना बोलावून सिनेमा दाखवणार आहेत. मीही जाणार, मागे उभी राहून बघणार. माघार घेणार नाही.

एका गाढवापायी एवढं अकांडतांडव कशाला, असं तू म्हणशील. म्हण.

तुझी,
भोंगा


ता. १७ एप्रिल

ताई,

कार्ड मिळालं. खुशाली नाही, आशीर्वाद नाही, एकच ओळ: "तो जोडा डाव्या पायाचा आहे का?"

हो. डाव्या पायाचा आहे. तुझा आहे.

आता एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा फ्रिजच्या गोष्टी सांगत बसेन. यांच्या घरची माणसं पहिल्यांदा आपल्याकडे आली त्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलीस, तेव्हा मी पलंगाखालून तुझा जोडा काढला आणि शिवणाच्या खोक्यात चिंध्यांखाली दडपला. त्याच्याशिवाय तू भिंत धरून चालायचीस आणि परक्यांसमोर तशी कधीच येणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझा आखूड पाय बघून ते विचारतील, हे घराण्यातच आहे का, अशी भीती वाटली होती. कारण इतकंच. लिहिलं, आता खोडत नाही.

यांच्या आत्याने विचारलं, "थोरली कुठे आहे?" मी म्हटलं, "मैत्रिणीकडे गेलीय." मधे फक्त एक पडदा होता. तू ऐकलंस. आत तुझी खुर्ची करकरली आणि मग ते लोक जाईपर्यंत काहीच वाजलं नाही. पुढे आयुष्यभर आवाजांचाच धंदा केला, पण तसली शांतता मला पुन्हा ऐकू आली नाही.

आणि आई. "जुन्या कपड्यांबरोबर चुकून मीच जोडा देऊन टाकला," असं ती तुला म्हणाली ना? खोटं. संध्याकाळी तिला तो खोक्यात सापडला होता. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आळ स्वतःवर घेतला. लग्नानंतर मी निघाले तेव्हा माझ्या ट्रंकेत तळाशी घातला आणि म्हणाली, "हा तूच सांभाळ." तू वर्षभर तिच्याशी धड बोलली नाहीस आणि मी ते बघत राहिले. ती गेली तेव्हाही बोलले नाही. तिच्यावरचा राग काढून टाक, ताई. तो माझा आहे, मला दे.

आता रविवारचं. दोनशे मुलं, खुर्च्यांवर उभी, आपापसात मारामारी. लंगडा पाय वाजला की पोरं तोंडाने टप टप टप करून चौथ्या पायासाठी थांबायची आणि तो पडला की आरडाओरडा. मग टेकडी आली. गवत हललं, पाय धावले, सगळे सरळ, सफाईदार. त्या गृहस्थाचं काम वाईट नव्हतं. पण मुलांना टप टप करून थांबायला जागाच सापडेना आणि मधल्या रांगेतून एक मुलगी ओरडली, "गाढव कुठे राहिलं?"

शेजारचा म्हणाला, "त्याला मागेच सोडलं त्यांनी." मग सगळीकडून तेच, गाढव कुठे, गाढव कुठे. तळ्यावर पोचल्यावर ते दिसतं, पण तोवर दोन पोरं रडायला लागली होती.

दिग्दर्शकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. खरं म्हणजे मी छाती काढून उभं राहायला हवं होतं. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसले. एकतीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न दोनशे पोरं मला विचारत होती.

सोमवारी दिग्दर्शकांचा फोन आला. तुमचा पाय परत लावतो म्हणाले. मी म्हटलं, माझं नावही परत लावा आणि त्याखाली आणखी एक ओळ घाला: गाढवाचा चौथा पाय, माझी थोरली बहीण. ते म्हणाले, पायाचं कोणी नाव देतं का? मी म्हटलं, मी देते, नाहीतर जोडा मिळणार नाही. ओळ घातली आहे. तुला विचारलं नाही. गाढवाच्या पायाला तुझं नाव लावलं म्हणून रागावायचं असेल तर यादीत शेवटी घाल, आधीचे राग बरेच आहेत.

माफी मागत नाही. मागितली की तू पटकन देशील आणि पुन्हा वाढदिवसालाच कार्डं सुरू होतील. मला ते नको.

शुक्रवारी दुपारी तीनचा खेळ आहे. ये. यांच्या घरचे सगळे येणार आहेत, आत्याही, ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना मी सांगितलंय की थोरली त्या दिवशी घरातच होती. पहिल्या रांगेत मधल्या दोन खुर्च्या धरल्या आहेत. जोडा माझ्या मांडीवर असेल. तो घरी न्यायचा की सगळ्यांसमोर मला हाणायचा, ते तुझं तू ठरव. मी हलणार नाही.

एकतीस वर्षं तोंड मिटून बसलेली,
तुझी भोंगा