मडक्यातला लाल दाणा

बोरटोला, आलापल्लीच्या पुढे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय राजदीप,
सप्रेम जय भीम.

इकडे सारे ठीक आहे. धानाची कापणी सुरू झाली. बाबांचा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण रोज सकाळी पारावर जाऊन पेपर वाचल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. तुझी नागपूरची नोकरी, तुझे विद्यार्थी, सारे छान असेल. मी तीनदा फोन केला. तीनही वेळा तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणालास. म्हणून लिहिते. पत्र काही मीटिंग बघून थांबत नाही.

तुमच्या विद्यापीठाची ती गुळगुळीत पुस्तिका पोस्टाने मिळाली. मुखपृष्ठावर आपल्या गावचा लटारू, मडक्यात हात घातलेला, आणि शेजारी तू हसतोयस. खाली लिहिलंय, 'सिकलसेल समजलेले गाव.' बाबांनी ती पारावर साऱ्यांना दाखवली. मी मात्र ती घरी आणली आणि तांदळाच्या डब्याखाली ढकलली. माझा संताप झाला आहे राजू, आणि तो तुझ्यावर आहे.

आठवतं का? मागच्या साली मार्चात तू विद्यापीठाची गाडी घेऊन सिकलसेल समजवायला आलास. लोक मोह वेचणं सोडून आले होते, दोन तास बसले होते. तू मडक्यात मोहाच्या चार बिया टाकल्या. एक लाल रंगवलेली, म्हणजे आजारी लेकरू. दोन पिवळ्या, म्हणजे अंगात दोष आहे पण त्रास नाही. एक साधी. आईबाप दोघंही रक्ततपासणीत पिवळं कार्ड मिळालेले असले तर चारांत एक लाल, असं तू म्हणालास आणि मी ते आपल्या झाडीबोलीत सांगितलं. मग लटारूने हात घातला आणि त्याला लालच दाणा आला. सारे हळहळले, कारण त्याचा पहिला पोरगा आयुष खरोखरच लाल कार्डाचा. तू तो दाणा माझ्या हातात दिलास, उरलेले तीन एकेक करून काढून दाखवलेस, फोटो झाले आणि गाडी निघाली. अजून दोन गावं उरकायची होती तुम्हाला.

दाणा तू परत मडक्यात टाकला नाहीस.

शिकलेल्या माणसाला ही बारीकशी गोष्ट वाटेल. इथे लोकांनी काय पाहिलं? लाल निघाला, तो बाजूला झाला, मडक्यात आता लाल नाही. त्यांनी तुझ्याकडे नीट बघितलं होतं, तोच त्यांचा गुन्हा. प्रत्येक खेपेला मडकं पुन्हा भरतं, प्रत्येक लेकराला तोच धोका, हे तू कुठे बोललास? सांग मला. माझ्या कानांनी तरी ऐकलं नाही.

जानेवारीत लटारू आणि सोमारीला मुलगी झाली. दसऱ्याच्या आधी तिचे हातपाय सुजले, ताप आला, रात्रंदिवस रडायची. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं. लाल. दहा महिन्यांची पोर.

आणि आता ऐक. लटारूची आई ठमाबाई अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्या जोडीचा लाल दाना त एक होता, तो निंगून गेला. लटारूनं आपल्या हातानं काहाडला. मंग हे दुसरी लाल कोनाची?"

सोमारी म्हणाली, "माय, तुह्याच घरची हाये." तिचं कोणी ऐकलं नाही. लटारू खाली मान घालून बसला. त्याच संध्याकाळी सोमारीला मुलीसकट माहेरी धाडलं, आयुषला ठेवून घेतलं. परवा त्याचे पाय दुखायला लागले तेव्हा मी गोळ्या घेऊन गेले. पोरगा एकच म्हणत होता, "मले माय पायजे." ठमाबाई त्याचे पाय चोळत होती आणि रडतही होती. ती दुष्ट नाही रे. तुझ्या मडक्यावर तिने विश्वास ठेवला.

रविवारी, चोवीस तारखेला गावसभा बसते आहे. सोमारीला ठेवायचं की सोडचिठ्ठी, ते त्या दिवशी ठरेल. तुमच्या शास्त्राच्या नावाने एका बाईवर शिंतोडे उडतात आणि तुम्ही पुस्तिका छापता! लोकांना समजावणं म्हणजे मडकं, रंग आणि कॅमेरा? परत येऊन एकदा विचारलंत का, की बाप्पा, तुम्हाला काय समजलं ते सांगा?

इथवर लिहून मी उठले, जेवले, भांडी घासली. पत्र पाकिटात घालायला घेतलं आणि घालता येईना. कारण सगळं तुझ्याच डोक्यावर टाकून मी मोकळी होऊ बघते आहे.

सोमारीला तिसरा महिना होता तेव्हा मी तिच्या घरी गेले होते. आशाताई म्हणून ते माझं कामच. म्हटलं, पोटातल्या बाळाची तपासणी होते, नागपूरला जाऊ, मी येते सोबत. ती हसली. "कायले जावाचं बाई? लाल त निंगून गेला न. तुमच्याच हातात होता."

मला प्रशिक्षणात शिकवलं होतं राजू. प्रत्येक खेपेला तोच धोका, हे मी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे. पण मनात आलं, आपला राजू एवढा शिकलेला, तो चुकेल कसा, माझंच काही चुकत असेल. खरं सांगू तर तेवढंही नाही. त्या दिवशी गाव तुझ्यासाठी टाळ्या वाजवत होतं, ते सारं खोटं ठरवायला माझी जीभ उचलली नाही. मी "बरं" म्हटलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, समुपदेशन झाले.

ठमाबाई अंगणात ओरडत होती तेव्हाही मी तिथेच उभी होते. लोक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "सर आले का सांगतील." तुझ्या नावामागे लपले. याला सव्वीस दिवस झाले.

आता थांबवत नाही. हे पत्र टाकून मी सोमारीच्या माहेरी जाणार. तिला आधी सांगणार, की बाई, तुझं काही चुकलं नाही, चुकलं ते माझं. ती मारेल तर मार खाईन. रविवारी सभेत उभी राहून तेच सांगेन. दुसरी लाल पोर लटारूचीच असू शकते, तिसरीही असू शकते, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. बाबा समोर बसलेले असतील. त्यांना काय वाटेल ते वाटो.

तुझं नाव मी घेईन, पण माझ्यानंतर. तू आलास तर माझ्या शेजारी उभा राहा आणि चुकलो म्हण, इंग्रजीत नाही, आकडे न सांगता. गर्दीत मागे उभा राहणार असशील तर येऊच नको.

मोठी बहीण आहे, शेवटी आशीर्वाद लिहायला हवा. या वेळी हात चालत नाही.

तुझी,
आणि सोमारीची गुन्हेगार,
हर्षाताई