वात बारीक

आई, आज कारखान्यात तुझा कंदील आठवला. कारखाना म्हणजे नसरापुरातले भाड्याचे दोन गाळे. तिथं आम्ही एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर बनवतो, दिव्याला लागेल तेवढाच करंट देणारी डबी. तुझ्या भाषेत, कंदील दुसऱ्याचा, आम्ही फक्त वातीची चावी करतो.

वेल्ह्याकडच्या आपल्या स्वयंपाकघरात बाबा येईपर्यंत तू वात बारीक ठेवायचीस. मी एकदा "विझव की" म्हटलं, तर केवढी डाफरलीस! "दिवा विझव म्हनू न्हाई रं. बारीक कर म्हनावं." मग मी कान लावून बसतो. ओढ्यापलीकडं बाबांच्या टायरच्या चपला दगडावर वाजतात, मी "आले" म्हणतो, तू चावी फिरवतेस. ते उंबऱ्यात येतात तेव्हा घर लख्ख. "माज्या पोराला मुंगीबी चालताना ऐकू येती," असं साऱ्या आळीला सांगायचीस. त्या कानांवरच मी धंदा उभा केला. डबी जरा कुरकुरली, की माल गाळ्याबाहेर जात नाही.

भोरच्या एका बाळंतिणींच्या दवाखान्याला मंद होणारे दिवे हवेत. माझ्याकडची इंजिनिअर, भोंगवलीची पोरगी, तिनं दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून मंद केला. डोळ्याला पत्ता लागत नाही, रंगही हलत नाही. मी म्हटलं, "आमच्या आईनं तुला घरात घेतली नसती. इतक्यांदा दिवा विझवतेस?"

"काका, त्यांना सांगा, तितक्यांदा पेटवतेय पण!"

तुला आवडली असती.

मी नेहमीसारखी डबी कानाशी धरली. "गप्प आहे. पाठव."

ती घुटमळली. "काका, शिट्टी मारतेय की. बारीक आहे, पण आहे."

पुन्हा धरली. आई, काहीच नाही गं. "तुझी परीक्षा घेत होतो," म्हणून हसलो. तीही हसली, पण माझ्याकडं बघत राहिली.

मग मी म्हटलं, शिट्टी त्या चालू-बंदचीच असणार, ते नकोच, करंटच कमी करू, तुझ्या वातीसारखा. अगदी मंद केल्यावर रंग जरासा बदलतो, पण निजलेल्या लेकराला त्याचं काय? दिवा बारीक झाला. आवाज नाही, असं ती म्हणाली. मी मान डोलावली.

हे पत्र टाकू तरी कुठं, खिशातच राहील. घरात कुणाला बोललो नाही, तुलाच सांगतो. ओढ्यापलीकडच्या चपला आता मला ऐकू यायच्या नाहीत. माझ्यावर विसंबू नकोस, वात आपली मोठीच ठेव.