नंबर नसलेली मोटर

भोर, १२ नोव्हेंबर २००२, संध्याकाळ

इस्माईलभाईंच्या होडीचा नोंदणी-अर्ज परत आला. गावातले अर्ज मी लिहून देते, हाही मीच भरला होता. इंजिन-नंबरचा रकाना मी कोरा का सोडला? भाईंना विचारायला हवं होतं.

भाटघरच्या धरणावर भाभींनी वल्हवायचं आणि भाईंनी जाळं सोडायचं, ही त्यांची लग्नापासूनची रीत. आता भाभींचा खांदा उचलेना, म्हणून भाईंनी कापूरहोळच्या गॅरेजातून बॅटरीवरची मोटर जोडून आणली. तिला नंबर कुठला? नोंदणी-कचेरीतला कारकून म्हणाला, नंबर मिळेपर्यंत मोटर काढून ठेवा.

हे सांगायला मी त्यांच्याकडे गेले, तर भाभी खांदा चोळत म्हणाल्या, "वल्हवीन की ताई, मी हाय अजून."

भाई म्हणाले, "उद्यापासनं वल्हं माझ्याकडं. जाळं तू सोड."

"बाई जाळं सोडती व्हय? घाटावर लोक हसतील."

"हसू देत. मासं पळालं तर मात्र मी बोलणार!"

भाभी इतक्या हसल्या, की पुन्हा खांदा धरला.

मलाच का भरून आलं?

निघताना वळून पाहिलं. भाई जाळं हातात देऊन शिकवत होते, "सावकाश सोड, वढू नको." सारा जन्म भाभींनी हेच समोर बसून पाहिलंय. तरी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या मान डोलवत होत्या.