निशिगंधाचा नंबर

प्रिय निशू,

तुझं पदक माझ्याकडे आलंय आणि ते मला ठेवता येत नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपण "जेवलीस का"च्या पुढे जात नाही.

शनिवारी तू कळवलंस, बंगळूरहून निघणं जमत नाही. याही वर्षी. मी घावनांचं पीठ भिजवून बसले होते. तुझी मैत्रीण संचिता तुझा शर्यतीचा नंबर घेऊन आली, त्यावर तुझं नाव ठसठशीत छापलेलं. म्हणाली, "काकू, फुकट कशाला घालवायचा? तुम्हीच चला. पाच किलोमीटर तर आहे!" मी तिला चांगलं झापलं. दुसऱ्याच्या नंबरावर धावणं नियमात बसत नाही. पहाटे तुझे बूट काढले, मोज्यांवर मोजे चढवले आणि गेले.

धावले म्हणजे अर्धं चाललेच. मोरव्याच्या वळणावर केळी वाटणारी बाई ओरडली, "आजी, दमानं! घाई न्हाय!" मी तिला ऐकवलं, आजी व्हायचंय अजून. तुला मनात धरूनच ऐकवलं.

शेवटच्या टप्प्यावर माईकवाला मुलगा छातीवरची नावं वाचत होता. "शाब्बास निशिगंधा! चल निशिगंधा, थोडंच राहिलंय!"

घरात तू निशू. पूर्ण नाव मी रागावले तरच घ्यायचे. तू गेल्यापासून ते इथे कुणी मोठ्याने घेतलेलं नाही. रस्ताभर ते नाव घुमलं आणि मी थांबून मागे वळले. वाटलं, नेहमीसारखी उशिरा, केस बांधत येत असशील. मागचे येऊन आदळले. "आंटी, आगे देखो ना!" संचिताने हात धरून ओढलं, तेव्हा हलले.

पदक नुसतं पाठवूनही दिलं असतं. पण मी मागे वळून पाहिलं, हे तुला कळायला हवं होतं. पुढच्या वर्षी तुझा नंबर तू लाव. पीठ मी भिजवते.

तुझीच,
आई

ता. क. संचिता कामानिमित्त तिकडे येतेय. तिच्या हाती दिलं: पदक, टी-शर्ट (धुऊन, इस्त्री करून), नंबराचा कागद, चारही पिना. बूट दिलेले नाहीत.